क्रूझवरची टिप: आपोआप कापलेली की हातात दिलेली?

रॉयल कॅरिबियन ही क्रूझ कंपनी रोजची टिप आपोआप बिलात लावते. साध्या केबिनसाठी ती माणशी रोज १८.५० डॉलर धरा. तान्ह्या बाळालाही ती पूर्ण लागते. म्हणजे आईवडील आणि दोन मुलं, चार रात्री: २९६ डॉलर! नॉर्वेजियन कंपनीच्या क्रूझवर तीन वर्षांखालच्यांना, तर कार्निव्हल कंपनीच्या क्रूझवर दोन वर्षांखालच्यांना माफी आहे. तिकीट काढण्याआधी हे नक्की बघा.

आपोआप कापलेल्या टिपेचा मोठा फायदा म्हणजे ती आपल्याला न दिसणाऱ्यांपर्यंतही पोहोचते. चादरी धुणारे, भांडी घासणारे. शेवटच्या रात्री पेंगुळलेलं मूल कडेवर घेऊन पाकिटं वाटत फिरावं लागत नाही, हेही खरंच.

रोख टिप मात्र नेमक्या माणसाला मिळते. आपल्या पिल्लाला रोज न सांगता बिनतिखट वरणभात आणून देणारा वेटर, सांडलेलं दूध न कुरकुरता पुसणारा केबिनवाला. मुलांच्या क्लबमधल्या ताईंना तर आपोआप टिपेतला वाटा मिळेलच असं नाही.

माझं मत स्पष्ट आहे: आपोआप टिप कमी करून घेऊ नका, मुलांमागे या लोकांना कामही जास्तच पडतं. वर थोडे सुटे डॉलर ठेवा आणि ते मुलांच्याच हातून द्या.