८५ सेंटिमीटरचा सांगाडा: फिगर ड्रॉइंगसाठी घ्यावा का?

डिजिटल आर्टचा विद्यार्थी अ‍ॅनाटॉमी शिकायचं म्हणाला की त्याच्या हातात हमखास लाकडी मॅनिकिन, म्हणजे सांधे वळणारी बाहुली, दिलं जातं. ते नको. त्याला ना बरगड्या, ना खुबा. फार तर तोल कळतो. त्यापेक्षा प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकल सामानाच्या दुकानात ८५ सेंटिमीटरच्या प्लास्टिक सांगाड्याची चौकशी करा. पुरुषभर उंचीचा मुंबईच्या खोलीत ठेवणार कुठे? हा टेबलावर, पेन टॅबलेटशेजारी मावतो.

घेताना मोजपट्टी न्या. स्टँड सोडून पूर्ण उंचीला कवटीच्या उंचीने, म्हणजे हनुवटीपासून टाळूपर्यंतच्या मापाने भागा. उत्तर साडेसातच्या आसपास यायला हवं. कवटी साधारण ११ सेंटिमीटर. जांघेचं हाड, म्हणजे दोन्ही मांड्यांच्या मधलं प्युबिक बोन, जवळजवळ निम्म्या उंचीवर हवं. डोकं मोठं आणि मांड्या आखूड असलेला नग बिनदिक्कत परत ठेवा. चुकीचं माप एकदा नजरेत बसलं की निघता निघत नाही.

कंबरेचं हाड आणि छातीचा पिंजरा यांसाठी पैसे वसूल. एका पायावर भार टाकून उभ्या माणसात भाराच्या बाजूची कंबर वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. मात्र अशा सांगाड्याचा कणा बहुधा ताठ असतो, त्यामुळे हा बाक त्याला देता येत नाही. तो जिवंत मॉडेलवरूनच घ्यायचा.

खरी फसगत खांद्यात. स्वस्त नगात फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, बरगड्यांना स्क्रूने जखडलेला असतो. माणूस हात थेट वर नेतो तेव्हा १८० अंशांपैकी साधारण १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० फरा फिरल्यामुळे. सांगाड्याचा हात नुसता खोबणीत फिरतो. त्यावरून लोकलची कडी धरलेला माणूस काढलात, तर हात बाहेरून चिकटवल्यासारखा दिसेल. अशा वेळी फऱ्याचं खालचं टोक काखेकडे वळवा आणि कॉलर बोनचं बाहेरचं टोक वर उचला. कोपराखालीही तीच रड: रेडियस (अंगठ्याकडचं हाड) आणि अल्ना (करंगळीकडचं) एकत्र ओतलेली. कीबोर्डवर तळवा पालथा पडतो तेव्हा अल्ना जवळपास जागेवर राहते आणि रेडियस तिच्यावरून आडवी जाते. मनगटाची चपटी बाजू त्यामुळेच फिरते, आणि इथे ते दिसणारच नाही.

वापरायचा कसा? फोटो काढून गिरवू नका, हात चालतो पण डोकं झोपतं. सीएसएमटीच्या फलाटावर केलेलं दोन मिनिटांचं स्केच क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, ओपॅसिटी ३० टक्क्यांवर आणा. सांगाडा त्याच कोनात फिरवा आणि वरच्या लेयरवर आधी पिंजरा, मग कंबर, मग त्यांना जोडणारा कणा, शेवटी हातपाय बसवा. आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर आला का, तेवढं तपासा. फोटो लागलाच तर दोन-अडीच मीटर मागे सरून, कॅमेरा सांगाड्याच्या कंबरेच्या उंचीला धरून, झूम करून काढा. जवळून मोबाइलची वाइड लेन्स छाती फुगवते आणि पाय बारीक करते.

जबड्याची स्प्रिंग आणि कवटीचे हुक आपल्या दमट हवेत गंजतात. पावसाळ्याआधी शिलाई मशीनचं तेल थेंबभर सोडा आणि जास्तीचं लगेच पुसून घ्या, नाहीतर त्यावर धूळ बसते.