रोक्को ग्रीन म्हणून घेतलेली बाटली

जपानमधल्या कोबे शहराच्या पाठीशी रोक्को नावाचा डोंगर आहे, ९३१ मीटर उंच. पुढे समुद्र, मागे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंप झाला आणि ६,४०० हून जास्त माणसं गेली. बारा वर्षांनी, २००७ मध्ये, तिथल्या नागासावा या जुन्या स्टेशनरी दुकानाने आपल्या शहराच्या रंगांच्या शाया काढायला सुरुवात केली. शहर पुन्हा उभं राहताना ज्यांनी हात दिला, त्यांचे आभार मानावेत ही त्यामागची भावना. मालिकेचं नाव ‘कोबे इंक मोनोगातारी’. मोनोगातारी म्हणजे गोष्ट, कथा. पहिला रंग रोक्को ग्रीन, दुसरा हातोबा ब्लू, म्हणजे बंदराच्या धक्क्यावरून दिसणारा निळा, आणि तिसरा जुन्या परदेशी वस्तीतल्या इमारतींचा सेपिया. पुढे या गोष्टीत कितीतरी रंग आले. शाई तयार करून देते सेलर ही पेनांची कंपनी.

मला हवा होता पहिला, डोंगराचा. ही गोष्ट वाचली तेव्हापासून तो मनात बसला होता, आणि उघडलेली बाटली विकणाऱ्याला ते माझ्या पहिल्याच निरोपातून कळलं असणार, कारण मी ते सगळं भाबडेपणाने त्याला लिहून टाकलं होतं. बाटली ५० मिलीची, दोनदाच पेन भरलाय, संग्रह कमी करतोय म्हणून देतोय, असं त्याने सांगितलं. फोटो सुरेख होते. कागदावर गडद, किंचित काळपट हिरवा, ओळ जिथे जाड तिथे आणखी खोल होणारा. पैसे मात्र ‘भेट’ म्हणून पाठवा, म्हणजे शुल्क वाचेल, असं तो म्हणाला. मी तसेच पाठवले. खरी चूक इथे झाली. खरेदी म्हणून दिलेल्या पैशांबद्दल तक्रार करता येते. भेट म्हणून दिलेले पैसे ही भेटच ठरते, आणि पैसे पाठवणाऱ्या सेवेने नंतर मला हेच शब्द ऐकवले.

बाटली आली. खोका खरा, लेबल खरं, काच खरी. टोपण उघडलं तर शाई अगदी गळ्यापर्यंत. दोनदा पेन भरलेल्या बाटलीत ती इतकी वर कशी, हा प्रश्न मनात आला होता, पण हातात रोक्को आला या आनंदात मी तो बाजूला सारला. पिस्टनने शाई ओढणारा माझा रोजचा पेन धुऊन भरला.

पहिल्या दिवशी शाई छान उतरली. रंग मात्र फोटोपेक्षा उघडा वाटला, ओल्या गवतासारखा. वाळला की गडद होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी पहिलं अक्षर उमटेना, निब झटकावी लागली. पाचव्या दिवशी पेन बंद. पाण्यात ठेवला, पिस्टन वरखाली करायला गेले तर तो घट्ट बसलेला, दोन बोटांनी हलेना. निब आणि तिच्याखालची, शाई निबपर्यंत आणणारी जीभ काढली तेव्हा जिभेच्या बारीक खाचांत हिरवी, चकचकीत पापडी धरलेली होती. रात्रभर पाण्यात ठेवूनही पाणी हिरवं झालं नाही. पापडी नखाने सुटली, ती तुकड्यातुकड्यांनी.

फाउंटन पेनची नेहमीची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. वाळली तरी पाणी लागताच ती परत सुटते, म्हणून तर पेन धुता येतो. चित्रकलेच्या आणि टाकाच्या काही शायांत मात्र लाखेसारखा बांधणारा पदार्थ असतो. त्या एकदा वाळल्या की पाण्याला दाद देत नाहीत. टाकाला ते चालतं, कारण टाक पुसून ठेवता येतो. पेनच्या जिभेत ती शाई बसली की पेनचा श्वासच अडतो. (पाण्याने न पुसली जाणारी प्रत्येक शाई वाईट असते असं नाही. सेलरच्याच काळ्या किवागुरो शाईमध्ये अतिसूक्ष्म कण असतात आणि ती मुद्दाम पेनसाठीच बनवलेली आहे. तीही पेनमध्ये वाळू द्यायची नाही, एवढंच.)

माझी खात्री पटली ती बाटलीच्या आट्यांवरून. टोपण फिरतं त्या काचेच्या आट्यांत जुनी, वाळलेली शाई अडकली होती. बाटली पहिल्यांदा कुणी उघडली तेव्हापासूनची. ओल्या कापसाची काडी त्या खाचेतून फिरवली आणि कापूस क्षणात गडद झाला, काळपट हिरवा, अगदी फोटोतला. पाणी लागताच सुटला तो रंग. मग टिपकागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. एकीवर काडी टेकवली, दुसरीवर बाटलीतल्या शाईचा ठिपका देऊन तो वाळू दिला, आणि दोन्हींची टोकं पाण्यात धरली. पहिल्या पट्टीवर पाण्याबरोबर रंग वर चढला आणि चढता चढता त्याच्या दोन छटा वेगळ्या झाल्या. दुसऱ्या पट्टीवरचा ठिपका जागचा हलला नाही. खरी शाई कधीच संपली होती आणि रिकाम्या बाटलीत भलतंच काहीतरी ओतलं होतं.

विकणाऱ्याला दोन्ही पट्ट्यांचा फोटो पाठवला. त्याने तो पाहिला आणि मला ब्लॉक करून टाकलं. त्याने मला लुबाडलं याचा राग आहेच. पण एका शहराने आभार म्हणून काढलेल्या रंगाच्या नावाखाली कुणी असलं काही विकावं, याने मला जास्त लागलं.

तुम्ही अशी उघडलेली बाटली घेणार असाल तर विकणाऱ्याकडून त्याच शाईने त्या दिवशीची तारीख आणि तुमचं नाव लिहून घ्या, आणि शेजारी टोपण उघडी बाटली दिसेल असा एकच फोटो मागा. लिहिलेल्या ओळीवर पाण्याचा थेंब टाकून दुसरा मागा. खरा माणूस कुरकुरेल, पण देईल. बाटली आली की पेन भरण्याआधी आटे पुसून पाहा आणि एक ठिपका काचेच्या तुकड्यावर रात्रभर वाळवून सकाळी ओल्या बोटाने पुसा. सहज पुसला गेला नाही तर ती शाई आवडत्या पेनमध्ये घालू नका, लेबल काहीही म्हणो. पैसे भेट म्हणून पाठवायला सांगितलं तर तिथेच थांबा.

माझा पेन दुरुस्त करणाऱ्याने उघडून दिला. पिस्टन आता फिरतो, पण जीभ बदलावी लागली. बाटली मी ओतून टाकली. त्याआधी आट्यांतली उरलेली शाई दोन थेंब शुद्ध पाण्यात सोडवून घेतली आणि टाकाने वहीच्या शेवटच्या पानावर ‘रोक्को’ एवढंच लिहिलं. दुसऱ्या अक्षरापर्यंत ती पुरली, काना मात्र फिका उमटला.