नेट प्राइस कॅल्क्युलेटर: अर्ली डिसिजनआधी अर्धा तास द्याच

लेकीला अमेरिकेतल्या एका कॉलेजात अर्ली डिसिजनने, म्हणजे बांधून घेणारा लवकरचा अर्ज करायचा होता. प्रवेश मिळाला की तिथेच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. कोण किती मदत देतंय हे ताडून बघायची सोयच उरत नाही. म्हणून १ नोव्हेंबरच्या मुदतीआधी एका रविवारी आम्ही दोघी टॅक्स रिटर्न घेऊन कॉलेजच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरसमोर बसलो. मदत वजा जाता आपल्याला किती भरावे लागतील, याचा अंदाज तो देतो. अमेरिकेत विद्यार्थ्यांसाठी फेडरल (केंद्र सरकारची) मदत घेणाऱ्या कॉलेजांना २०११ पासून तो ठेवावाच लागतो.

पगार, बचत, घराची किंमत, सगळं खोलात विचारलं. हे मला आवडलं. चार प्रश्नांत उरकणाऱ्यांवर माझा भरवसा नाही.

खटकलं ते निकालाचं पान. ग्रँट (परत न करायची मदत), कर्ज, वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळवायचे पैसे) सगळं एकत्र वजा करून ठळक अक्षरात लहानसा आकडा! कर्ज ही मदत कशी? ते लेकीलाच फेडायचंय. त्यातले ५,५०० डॉलर पहिल्या वर्षाचं फेडरल कर्जच होतं. आम्ही वहीत फक्त ग्रँट वजा करून पुन्हा मांडलं.

नवऱ्याच्या छोट्या धंद्याचा हिशेब मात्र यात नीट बसेना. तेवढ्यासाठी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल केला, आणि लेखी अंदाज हातात आल्यावरच लेकीच्या अर्ली डिसिजनच्या करारावर सही केली.