सॉक्रेटिसआधीचे विचारवंत: प्लेटोकडून समजून घ्यावेत की ॲरिस्टॉटलकडून?

हेरॅक्लिटस, पार्मेनिडीझ, ॲनॅक्सागोरस: सॉक्रेटिसच्या आधीचे ग्रीक तत्त्वज्ञ. यांच्यापैकी एकाचंही लेखन आज अखंड मिळत नाही. त्यांच्यापर्यंत पोचायचं ते नंतरच्यांचं बोट धरून, आणि हे नंतरचे नुसते वाटाडे नव्हते, वाद घालायला बसलेले होते. आपल्याकडे चार्वाकांचं बरंचसं विरोधकांच्या तोंडूनच ऐकावं लागतं, तसाच प्रकार. तर सुरुवात कुणापासून करावी?

दोघांची पारख करायला ॲनॅक्सागोरसचा ‘नूस’, म्हणजे विश्वाची घडी बसवणारी बुद्धी, पुरेशी आहे. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात मृत्युदंड झालेला सॉक्रेटिस शेवटच्या दिवशी अथेन्सच्या तुरुंगात बसून सांगतो: कुणीतरी ॲनॅक्सागोरसचं पुस्तक वाचताना त्यानं ऐकलं आणि तो हरखला. बुद्धीच सगळं लावत असेल, तर प्रत्येक गोष्ट जशी आहे तशीच उत्तम का, हेही कळेल! पुस्तक मिळवून वाचलं, तर आत पुन्हा हवा, ईथर (वरची तेजस्वी हवा), पाणी. म्हणजे मी इथे का बसलोय, तर मला हाडं आणि स्नायू आहेत म्हणून. त्यांच्यावर सोपवलं असतं तर ती जीव वाचवायला केव्हाच अथेन्सबाहेर, मेगाराला किंवा बिओशियाला निघून गेली असती, अशी त्याची मल्लिनाथी.

ॲरिस्टॉटल हीच तक्रार ‘मेटाफिजिक्स’च्या पहिल्या भागात एका वाक्यात उरकतो: अडलं की हा बुद्धीला, नाटकात देवाला रंगमंचावर उतरवणाऱ्या यंत्रासारखी, ओढून आणतो, एरवी दुसरं काहीही कारण चालतं. त्याआधी मात्र याच माणसाला त्यानं बरळणाऱ्यांमधला एकटा शुद्धीवरचा म्हटलेलं आहे.

ॲरिस्टॉटलचा फायदा उघड आहे. पहिला तत्त्वज्ञ मानल्या जाणाऱ्या थेलीझपासून थेट प्लेटोपर्यंत सगळे एका रांगेत मिळतात. परीक्षेसाठी टिपणं काढायची असतील तर दुसरीकडे जाऊच नका. पण रांग त्यानं लावली आहे, स्वतःच्या चार कारणांची (वस्तू कशाची बनली, तिचं रूप काय, ती कशामुळे घडली, कशासाठी) मोजपट्टी घेऊन. जुन्यांचं तत्त्वज्ञान त्याला बोबडं वाटतं. ते तालीम न घेता आखाड्यात उतरलेल्यांसारखे, अधूनमधून चांगला फटका मारणारे. प्लेटोत माणसं जिवंत होतात, पण तो थट्टा कधी करतोय याचा भरवसा नाही: ‘थिएटिटस’ या संवादात हेरॅक्लिटससारख्या ‘सारं वाहतं’ म्हणणाऱ्यांच्या फौजेचा सेनापती कोण, तर महाकवी होमर!

माझं मत विचाराल तर आधी ‘फीडो’तली ती चार पानं, मग ॲरिस्टॉटल. आणि शेजारी इसवी सनाच्या सहाव्या शतकातला, ॲरिस्टॉटलवर भाष्यं लिहिणारा सिम्प्लिशियस असू द्या. वाचायला कंटाळवाणा, पण पार्मेनिडीझचं पुस्तक दुर्मिळ झालंय म्हणून त्याच्या ओळीच्या ओळी उतरवून ठेवणारा. नूसबद्दलचा ॲनॅक्सागोरसचा मोठा उताराही त्याच्यामुळेच हाती आला. त्यात नूस सगळ्याला फिरतं करतो, जे होतं, आहे आणि असेल ते लावतो. ‘हेच उत्तम का?’ हा प्रश्न मात्र त्या उताऱ्यात कुठेच नाही. तो सॉक्रेटिसचा होता.