हरण्या टाकलं आणि काकडी निघाली

चोपड्यात आमचं कृषी केंद्र आहे, गिऱ्हाईक सगळं केळी नि कापूसवालं. कात्रणं, सल्लापत्रकं, कंपन्यांचे पीडीएफ मिळून साडेतीन हजार फाईली कॉम्प्युटरवर पडल्यात, वेळेवर एक सापडेल तर शपथ. म्हणून हे अर्थावरून शोधणारं सॉफ्टवेअर घेतलं, नाव नाही लिहीत, सपोर्टवाल्यांशी भांडण चालूये अजून.

पहिल्या दिवशी 'हरण्या' टाकलं, म्हणजे केळीच्या एका रोगाचं आमच्याकडचं नाव. साधा सर्च ती अक्षरं जिथं असतील तिथंच जातो. यानं एक जुनं पत्रक वर काढलं ज्यात हरण्या शब्दच नाही! कुकुंबर मोझॅक विषाणू, मावा ही कीड पसरवते, रोगट झाड उपटून नष्ट करा, केळीजवळ काकडीवर्गीय पिकं नकोत. अरे हाच तर हरण्या! काउंटरवरचे भाऊ चष्मा वर करून बघत राहिले.

जादू नाहीये. बाकीच्या फाईलींत हरण्या, मावा, मोझॅक एकमेकांच्या सोबतीनंच येतात, त्यावरून ते प्रत्येक मजकुराचे आकडे मांडतं, ज्याचे आकडे तुमच्या प्रश्नाच्या जवळ ते वर. आयडिया कालची नाही बरं का, अमेरिकेत बेल कम्युनिकेशन्स रिसर्चनं १९८८ लाच पेटंटचा अर्ज टाकलेला, आमच्या दुकानात यायला एवढी वर्षं लागली.

आता रडगाणं. 'भर उन्हात फवारणी करा' आणि 'करू नका' हे त्याला जवळपास एकच वाटतं कारण विषय एकच ना, तो एक 'नका' कुठं जातो देव जाणे, त्यामुळे फाईल उघडून वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाला एक शब्द सांगत नाही मी. औषधाचा बॅच नंबर टाकला तर त्याच्यासारखे दिसणारे दहा नंबर देतं, त्याला जुना अक्षरावरचा सर्चच बरा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या फाईली तर नुसता कचरा, त्या बदलून घ्यायला भाच्याला दोन रविवार बसवला, पोरगं वैतागलं. आणि अहिराणी? गिऱ्हाइकाचा व्हॉट्सॲप मेसेज जसाच्या तसा टाकला, 'केयीना पानं पिवया पडनात', तर ट्रॅक्टरच्या सबसिडीचं पत्रक आलं. 'केळीची पानं पिवळी' लिहिलं तेव्हा कुठं बरोबर.

साडेतीन स्टार. सपोर्टवाला म्हणे अहिराणी शब्दांची यादी तुम्हीच बनवून द्या. पैसे आम्ही द्यायचे आणि यादीपण आम्हीच! तरी दोनशे शब्द काढलेत, पावतीबुकाच्या मागं.