प्राथमिक शाळेसाठी तयार खेळसंच: मार्कर घ्या, लगोरी वेगळी आणा

समग्र शिक्षा अंतर्गत क्रीडासाहित्यासाठी सरकारी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. तेवढ्यात बसतो म्हणून बहुतेक ठिकाणी मैदान आखायचे मार्कर, रिंगा, दोऱ्या, संघ ओळखू यावा म्हणून अंगात घालायचे रंगीत बिब, लगोरी आणि चेंडू असा तयार संचच घेतला जातो. त्यातल्या सगळ्याच वस्तू सारख्या कामाच्या नसतात.

सगळ्यात उपयोगाचे म्हणजे बशीसारखे चपटे मार्कर. पेटी ताब्यात घेतानाच एक टाचेखाली दाबून बघा. नरम प्लॅस्टिकचा असेल तर पुन्हा वर येतो, कडक असेल तर कडेला चीर जाते आणि ती धार पायाला लागते. मार्कर हाताशी असले की फक्की न मारता दोन मिनिटांत मैदान बदलता येतं. खो-खोचंच बघा. २७ बाय १६ मीटरच्या पूर्ण मैदानात एका वेळी नऊ पाठलाग करणारे आणि तीन पळणारे. ४० च्या वर्गातली २८ मुलं नुसती उभी. त्याऐवजी साधारण १२ मीटर लांबीची तीन मैदानं मांडा. प्रत्येकी पाच बसणारे, एक धावणारा, तीन पळणारे. म्हणजे २७ मुलं खेळतात आणि उरलेली १३ पुढच्या तुकडीत येतात. खांबाच्या जागी मुलाला उभं करू नका, वळताना टक्कर होते. तिथेही मार्करच ठेवा.

दोऱ्यांची अडचण लांबीची. संचात सगळ्या एकाच मापाच्या येतात. दोरीच्या मध्यावर पाय ठेवून मुठी काखेपर्यंत आल्या की माप बरोबर. तिसरीच्या मुलाला दोरी लांब पडते, मग ती पायात अडकते आणि मूल म्हणतं, मला जमतच नाही. गाठ मुठीजवळ मारा, मध्ये नको. मध्ये मारली तर जमिनीवर आपटून दोरीचा फेर बिघडतो. पीव्हीसी दोरीला घडीचे वळ पडले असतील तर कोमट पाण्यात बुडवून उभी टांगा.

चपट्या रिंगा मातीवर उत्तम. फरशीवर मात्र पाय पडताच सरकतात, तिथे उड्यांसाठी वापरू नका, खडूचं वर्तुळ काढा.

लगोरी या संचातली सर्वात कमजोर वस्तू. प्लॅस्टिकच्या सात चकत्या इतक्या हलक्या, की चेंडू लागताच लांब उडतात. रचणाऱ्यांचा वेळ त्या वेचण्यातच जातो आणि चेंडू चुकवायचा खरा सराव होतच नाही. लाकडी चकत्या किंवा सात चपटे दगड बरे. बाद झालेल्याला बाहेर बसवू नका, कारण सरावाची गरज त्यालाच जास्त. कडेला दहा उड्या मारून त्याला परत आत घ्या.

बिब बांधायच्या नाड्यांचे असतील तर नाकारा, इलॅस्टिकचेच मागा. ३५ मिनिटांच्या तासात गाठी सोडवत बसायला वेळ नसतो.