‘कर्जासोबत असतंच’ म्हणून घेतलेला विमा

गृहकर्जाच्या कागदांची चळत समोर होती. सही करायच्या प्रत्येक जागी पेन्सिलीने फुली मारलेली. “इथे, इथे आणि इथे. हे विम्याचं आहे, कर्जासोबत असतंच,” म्हणत तो अधिकारी पानं उलटत होता आणि मी सह्या ठोकत होतो. त्या ‘असतंच’चा अर्थ कळायला मला चार वर्षं लागली.

थोडं कर्ज आधीच फेडावं म्हणून खात्याचा उतारा मागवला, तर मुद्दल मी घेतलं त्याहून जास्त! विम्याचा सगळा हप्ता एकरकमी कर्जातच मिळवला होता. म्हणजे त्या हप्त्यावरही २० वर्षं व्याज भरायचं. आणि विमा किती वर्षांचा? ५. शिवाय कर्ज फिटत जाईल तशी विम्याची रक्कम घटणार, आणि माझं काही झालंच तर पैसे थेट कर्ज देणाऱ्याकडे जाणार. माझा मुदत विमा आधीपासून होता, कर्ज फिटून वर उरेल एवढा. तेव्हा एवढं जरी बोललो असतो तरी भागलं असतं.

विमा ऐच्छिक असल्याचं अर्जात छापलेलं होतं, बारीक अक्षरात. खाली सही माझीच. भांडायला तोंड नव्हतं, तरी भांडलो. ब्रिटनमध्ये हाच धंदा एवढा बोकाळला होता की कर्जाच्या हप्त्यांचा विमा गळ्यात मारल्याबद्दल तिथल्या बँका आणि वित्तसंस्थांना ३८ अब्ज पौंडांच्या वर भरपाई द्यावी लागली. तक्रारी घ्यायची शेवटची तारीख होती २९ ऑगस्ट २०१९. माझ्या पदरात पडला तो उरलेल्या एका वर्षाचा हप्ता, तोही कापून.

त्या रात्री घरातल्या सगळ्या पॉलिसी जमिनीवर पसरल्या. घराचे विमे दोन निघाले, एक कर्जासोबतचा आणि एक माझा जुना. दोन विमे म्हणजे दुप्पट भरपाई, असं मी धरून चाललो होतो. नुकसानीच्या विम्यात तसं होत नाही. जेवढं जळेल तेवढंच मिळतं, कंपन्या ते आपसांत वाटून घेतात. त्यात एका पॉलिसीत जमिनीची किंमतही धरलेली. आता जमीन कशी जळणार? विमा उतरवायचा तो घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा.

धाकटीच्या नावावर आयुर्विमा होता. तिच्या कमाईवर घरात कोण जगतंय? ती दुसरीत आहे! वॉशिंग मशीनच्या वाढीव वॉरंटीची गंमत आणखी वेगळी. मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजलेली, त्यामुळे पहिली दोन वर्षं कंपनीच्या वॉरंटीतच गेली. तिसऱ्या वर्षी ड्रम खडखडू लागला, तर उत्तर आलं, “ही वापराने झालेली झीज आहे, यात बसत नाही.”

रागाच्या भरात मी आरोग्य विम्याची पॉलिसीही रद्द करायच्या गठ्ठ्यात टाकली. बायकोने ती ओढून काढली. “मशीन बिघडलं तर आपण नवीन घेऊ. हॉस्पिटलचं बिल कुठून भरणार आहेस?” मग तिनेच गठ्ठे नव्याने लावले. आरोग्य विमा, मुदत विमा, गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर लागणारा विमा आणि घराचा एक, एवढे राहिले. धाकटीची पॉलिसी मात्र लगेच मोडता आली नाही. आता मोडली तर भरलेल्यातलं फारच थोडं परत येतं. नव्या पॉलिसीचा विचार बदलायला सुरुवातीला काही दिवस मिळतात, ते मी कधीच घालवले होते.

मागच्या महिन्यात फोन घेतला. बिलात स्क्रीनचा विमा आधीच लावलेला. विचारलं तर दुकानातला मुलगा म्हणाला, “सर, तो सगळ्यांनाच असतो.” काढ म्हटलं. नवीन बिल छापून द्यायला त्याला एक मिनिटही लागलं नाही.